झोटेरो : आकडे बिनचूक, बाकीचं तुमच्या नोंदीवर

व्हँकूव्हर पद्धतीचा, म्हणजे मजकुरात क्रमाने आकडे देऊन शेवटी सूची जोडायचा, चाळीस संदर्भांचा पेपर हाताने लिहून झाला आणि रिव्ह्यूअरने प्रस्तावनेत एक संदर्भ वाढवायला सांगितला, की पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात. संदर्भ साठवून त्यांचे आकडे आणि सूची आपोआप लावायच्या या कामासाठी झोटेरोसारखं दुसरं फुकट सॉफ्टवेअर सापडणं कठीण. २००६ पासून चालू आहे, सोर्स कोड खुला आहे, आणि वर्ड, लिबरऑफिस, गूगल डॉक्स या तिन्हींना जोडता येतं. तरीही झोटेरो वापरून केलेल्या संदर्भसूच्यांमध्ये चुका सर्रास दिसतात. दोष बहुतेक वेळा जर्नलच्या स्टाइलला, म्हणजे संदर्भ मांडायच्या साच्याला, दिला जातो. चूक असते ती नोंदीत, म्हणजे झोटेरोत साठवलेल्या त्या पेपरच्या माहितीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नोंद कुठून उचलता यावर निम्मं काम ठरतं. ब्राउझरमधलं कनेक्टरचं, म्हणजे झोटेरोच्या जोड-सॉफ्टवेअरचं, बटण गूगल स्कॉलरच्या निकालांच्या पानावर दाबू नका. तिथून येणारी माहिती तुटपुंजी असते: डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) नसतो, लेखकांची फक्त आद्याक्षरं येतात. प्रकाशकाच्या किंवा पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीच्या पानावर जाऊन मग बटण दाबा. त्याहून सोपं म्हणजे झोटेरोतलं जादूच्या छडीचं बटण. त्यात डीओआय, पबमेडचा क्रमांक किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की नोंद तयार. पीडीएफ ओढून टाकली तरी झोटेरो माहिती शोधून आणतं, पण आत निवडता येण्याजोगा मजकूर हवा. जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांपुढे ते हात टेकतं. तिथे रकाने हातानेच भरावे लागतात.

आलेली नोंद तशीच ठेवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल घ्या. लेखकाच्या रकान्याचे आडनाव आणि नाव असे दोन भाग असतात. संस्थेचं इंग्रजी नाव या दोन भागांत विभागलं गेलं, तर व्हँकूव्हर सूचीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ असा कुणी गृहस्थ लेखक म्हणून अवतरतो. नावाशेजारचं छोटं बटण दाबून तो रकाना एकसंध करा. भारतीय नावांचा घोळ वेगळा. काही ठिकाणी आडनाव आधी छापलेलं असतं, मग ‘रमेश’ आडनाव होतं आणि कुलकर्णींचं नुसतं ‘के’ उरतं. लेखकाच्या नावावर राइट क्लिक केलं की नाव-आडनाव अदलाबदल करायची सोय मिळते.

इंग्रजी शीर्षकं नेहमी सेंटेन्स केसमध्ये साठवा, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामं सोडून सगळं लहान अक्षरांत. झोटेरोला लहानाची मोठी अक्षरं आपणहून करता येतात, उलट दिशेने नाही. शीर्षकावर राइट क्लिक करून ‘ट्रान्सफॉर्म टेक्स्ट’मधून हे होतं, नंतर देशांची, प्रजातींची नावं एकदा नजरेखालून घाला. जीवाणूचं नाव तिरकं हवं असेल तर शीर्षकातच त्याच्या आधी आणि नंतर एचटीएमएलची (वेबपानांच्या भाषेतली) ‘आय’ खूण टाकायची: आधी <i>, नंतर </i>. कार्बन डायऑक्साइडमधल्या खालच्या दोनसाठी ‘सब’.

छपाईआधी ऑनलाइन आलेला लेख हा हमखास सापळा. डीओआयने नोंद घेतली तेव्हा त्याला खंड, अंक, पानं मिळालेली नसतात, आणि नंतर मिळाली तरी जुनी नोंद आपोआप सुधारत नाही. पाठवण्याआधी खंडाचे रिकामे रकाने शोधून भरावेत.

आता वर्ड. एकाच ठिकाणी तीन संदर्भ द्यायचे असतील तर ते संदर्भ घालायच्या एकाच खिडकीत, एकामागोमाग घाला. तीनदा बटण दाबलं तर ‘(३)(४)(५)’ येतं; एकत्र घातले तरच ‘(३–५)’. आकड्यावर जाऊन हाताने दुरुस्ती करणं हा सर्वात महाग पडणारा शॉर्टकट. त्या जागेचा बदल राखायचा का, असं झोटेरो विचारतं, आणि ‘हो’ म्हटलंत की तो संदर्भ पुढे अपडेट होणं थांबतं. पान क्रमांक हवा असेल तर त्याच खिडकीत संदर्भाच्या बुडबुड्यावर क्लिक करून लिहा.

आकड्यांचा क्रम मध्येच बिघडला तर आकृतीखालच्या ओळी तपासा. त्या तरंगत्या टेक्स्ट बॉक्समध्ये असतील तर वर्ड त्यांची जागा भलतीच मोजतो. मजकुराच्या ओळीत आणल्या की क्रम ताळ्यावर येतो. ट्रॅक चेंजेस (केलेले बदल दाखवत ठेवणारी वर्डची सोय) चालू ठेवून संदर्भ घालू नका. खोडलेला संदर्भ स्वीकारेपर्यंत मोजणीत राहतो, म्हणून सूचीत भुतासारखा दिसतो. दोनशे संदर्भांच्या प्रबंधात वर्ड रेंगाळायला लागला तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधलं आपोआप अपडेट करणं बंद करा आणि शेवटी एकदा रिफ्रेश दाबा.

जर्नलच्या नावांची लघुरूपं हा वादाचा विषय. त्याच प्रेफरन्सेसमध्ये मेडलाइनची, म्हणजे पबमेडमागच्या वैद्यकीय जर्नलांच्या सूचीची, लघुरूपं वापरायची खूण असते. ती असेल तर झोटेरो आपल्या यादीतून लघुरूप काढतं. खूण काढली तर नोंदीतल्या ‘जर्नल ॲब्र.’ रकान्यात जे असेल ते छापतं. मेडलाइनमध्ये नसलेल्या भारतीय जर्नलांसाठी खूण काढून रकाना स्वतः भरणं बरं.

स्टाइल्स दहा हजारांहून जास्त आहेत आणि बहुतेक जर्नलांचं नाव यादीत थेट सापडतं. तरी लेखकांची संख्या सूचनांशी ताडून बघा. व्हँकूव्हरमध्ये सातपासून पुढे लेखक असले की पहिले सहा आणि मग ‘एट अल.’ (आणि इतर); एपीए या नाव-वर्ष लिहिणाऱ्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत थेट वीस लेखकांपर्यंत सगळे लिहायचे. जर्नलला तीनच हवे असतील तर स्टाइलच्या फाइलमध्ये दोन आकडे बदलले की झालं. फक्त स्टाइलचं नाव आणि ओळख-क्रमांकही बदला, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये तुमची दुरुस्ती पुसली जाते.

मराठी संदर्भांच्या बाबतीत मात्र झोटेरो तोकडं पडतं. देवनागरी बिनतक्रार छापतं, पण मूळ शीर्षक, त्याचं रोमन रूप आणि इंग्रजी भाषांतर यांना वेगवेगळे रकाने नाहीत. इंग्रजी जर्नलसाठी भाषांतर चौकोनी कंसात शीर्षकाच्याच रकान्यात बसवावं लागतं. भाषेचा रकाना न विसरता मराठी ठेवा. नाहीतर शीर्षकात मोठी अक्षरं वापरणाऱ्या स्टाइल्स रोमन लिपीतल्या मराठीलाही इंग्रजीसारखी मोठी अक्षरं लावत सुटतात.

एक सोय कौतुकाची. मागे घेतलेल्या पेपरची यादी झोटेरो २०१९ पासून तपासतं आणि तो संदर्भ घालायला गेलात की लाल इशारा देतं.

खर्चाचं म्हणाल तर नोंदी कितीही फुकट. ऑनलाइन साठवलेल्या पीडीएफना ३०० एमबीपर्यंत पैसे नाहीत, २ जीबीला वर्षाला २० डॉलर. शंभर-दीडशे पेपरांत ३०० एमबी सहज भरतात. पीडीएफचं सिंक बंद ठेवून फक्त नोंदी सिंक केल्या तरी पेपर लिहायला काही अडत नाही.

जर्नलकडे पाठवताना फाइलची प्रत काढा आणि प्रतीतच ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा. संदर्भ साधा मजकूर होतात. एकदा तोडलेली जोडणी परत जुळत नाही, म्हणून सुधारणा मागवून पेपर परत आला की मूळ फाइलच उघडायची.