जुन्या वाड्याचं सागवान म्हणून मला निलगिरी विकली

बडोद्यात लाकडाचं काम करणाऱ्यांनी आणि घरासाठी जुन्या सागाचं काही करून घ्यायचं मनात असलेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे १,१७,६०० रुपये गेले आणि ते परत आलेले नाहीत. त्याचं दुःख आहेच. पण त्याच लाकडाचा झोपाळा मी रावपुऱ्यातल्या एका आजींच्या घरी स्वतःच्या हातानं टांगून आलो होतो. ते आठवलं की आजही झोप लागत नाही.

मी मकरपुऱ्यात एका शेडमध्ये हातानं फर्निचर बनवतो. झोपाळे, देव्हारे, पाट, चौरंग, क्वचित एखादा पलंग. करवत, पटाशी, रंधा, आणि जोड सगळे कुसू-खाचेचे, म्हणजे एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, स्क्रू शक्यतो नाहीतच. चार वर्षांपासून कामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. त्यात मी भरपूर बोलतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या मराठी वाड्यांबद्दल बोलतो. वाडा पाडला की त्याच्या तुळया कशा भंगाराच्या भावात जातात, जुन्या सागाचा रंग कसा मधासारखा असतो, खिळ्यांची जुनी भोकं मी बुजवत नाही कारण ती त्या लाकडाची खूण आहे, हे सगळं मी कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं आहे. ज्यानं मला फसवलं त्यानं ते नीट ऐकलं होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्याचा फोन आला. स्वच्छ मराठीत, "दादा, तुमचे सगळे व्हिडिओ बघतो. सयाजीराव महाराजांच्या काळातला एक वाडा उतरवतोय. भंगारवाल्याला द्यायचं जिवावर येतंय, तुमच्यासारख्या माणसाच्या हाती जावं असं वाटतं." महाराजांचा काळ म्हणजे १८७५ ते १९३९. म्हणजे लाकूड कमीत कमी पंच्याऐंशी वर्षांचं. एवढं जुनं, घरात छपराखाली वाळलेलं सागवान सुताराला मिळत असेल तर तो दुसरा विचार करत नाही. मीही केला नाही. त्याच्या फोनमधलं प्रत्येक वाक्य माझ्याच व्हिडिओतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

वाडा दाखव म्हटलं तर म्हणाला, भाऊबंदकीचा वाद आहे, तिथे कॅमेरा नको, माल गोदामात आणलाय. गोदाम शहराबाहेर होतं. वीस तुळया रचून ठेवलेल्या, काळवंडलेल्या, प्रत्येकीला खाचा आणि खिळ्यांची भोकं. पुढच्या तीन त्यानं स्वतः ओढून काढल्या. मी एकीच्या कडेवर रंधा मारला. सोनेरी तपकिरी गाभा, हाताला किंचित तेलकट, आणि तो चामड्यासारखा वास. अस्सल साग. व्हिडिओ चालूच होता. उरलेल्या सतरांना मी वरवर हात लावला. त्याला तेवढंच हवं होतं.

भाव २,८०० रुपये घनफूट, माल ४२ घनफूट. ५०,००० यूपीआयनं दिले, खात्यावर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं, "मेहुण्याचं आहे" म्हणाला. उरलेले ६७,६०० माल उतरल्यावर रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी तुमच्याच डोक्यावर बसेल, पाडकामाच्या मालाला कोण बिल देतं?" मी गप्प बसलो. बिलाशिवाय माल घेतला ही माझी चूक, आणि पुढे सगळे रस्ते तिथेच बंद झाले.

टेंपो आला संध्याकाळी साडेसातला, पावसात, वर ताडपत्री. उतरवताना हमाल म्हणाला, "बहु भारे छे, शेठ." मी त्याला सांगितलं, जुना साग जडच असतो. हे धादांत चूक आहे. वाळलेला साग घनफुटाला साधारण साडेअठरा किलो भरतो. दहा फूट लांब, सहा इंच रुंद, पाच इंच जाड तुळई म्हणजे दोन घनफुटांहून किंचित जास्त, तिचं वजन चाळीस किलोच्या आतबाहेर यायला हवं. माझ्याकडे उतरलेली एकेक तुळई उचलायला दोन माणसंही धापा टाकत होती. हमालाला जे पाठीवर कळलं ते मला डोळ्यांना दिसत नव्हतं, कारण वरची तुळई अस्सल होती. त्यानं त्या तीनपैकी एक माझ्यासाठी मुद्दाम वर ठेवली होती.

गणपतीच्या आधी आजींचा झोपाळा झाला. पाच फूट बाय दोन फूट पाट, चार फळ्या जोडून, पितळी कड्या त्यांच्या घरच्याच. रंधा मारताना लाकूड लालसर निघत होतं, वासही वेगळा होता. मी ते पावसावर ढकललं. त्या पाटाचे तीन व्हिडिओ केले, मथळा "वाड्याचं सागवान पुन्हा घरात". लोकांना फार आवडले.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी उभ्या चौकटीचा झोपाळा करायचा होता. त्याचे खांब खरादून, म्हणजे यंत्रावर फिरवून गोल घडवून घ्यायला चार ठोकळे घेऊन मी संखेड्याला गेलो. संखेड्याचे खरादी पिढ्यान्‌पिढ्या साग खरादून त्यावर लाखेचं रंगकाम करतात, सागाशिवाय दुसरं लाकूड त्यांच्या हाताला लवकर रुचत नाही. तिथल्या एका खरादी काकांनी ठोकळा खरादावर चढवला, पटाशी टेकवली, आणि लगेच यंत्र बंद केलं. छिलका हातात घेऊन चुरगाळला. ओला होता, बोटांना चिकटला. मग त्यांनी पाण्यात फडकं बुडवून ठोकळ्याचा बाहेरचा काळा भाग दोनदा पुसला. फडकं चहाच्या गाळणीसारखं झालं. "भाई, आ साग नथी," ते म्हणाले. "आ तो नीलगिरी छे, रंगेली."

मग त्यांनी मला ठोकळ्याचा कापलेला माथा, म्हणजे लाकूड आडवं कापल्यावर दिसणारं टोक, दाखवला. शेजारी त्यांच्याकडचा सागाचा तुकडा ठेवला. सागाच्या माथ्यावर वर्षाची वर्तुळं स्पष्ट असतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग दिसते, साध्या डोळ्यांनीही. माझ्या ठोकळ्यात छिद्रं सगळीकडे सारखी पसरलेली होती, वर्तुळ कुठलं नाहीच. एवढी वर्षं मी लाकूड कापतोय, माथा रोज बघतोय. त्या वीस तुळयांचा माथा मी बघितला नव्हता, कारण सगळ्या माथ्यांवर डांबरासारखा काळा लेप होता आणि मला तो जुनेपणा वाटला.

संखेड्याहून मी घरी न जाता सरळ रावपुऱ्यात गेलो. आजींची नात झोपाळ्यावर बसली होती. मी तिला खाली उतरवलं आणि पाटाखाली आडवा झालो. मागच्या डाव्या कडीच्या भोकापासून कोपऱ्याकडे चीर गेली होती, माझी चार बोटं लांब, आणि त्यात नख जात होतं. आजी म्हणाल्या, "अरे, चार दिवस करकरतोय. मी म्हटलं कड्यांना तेल हवं असेल." मी काही बोलू शकलो नाही. तिथेच साखळ्या सोडल्या आणि पाट खांद्यावर घेऊन निघालो.

हे का झालं ते सांगतो, कारण झोपाळा, पलंग, माळा, ज्यावर माणसाचा भार येतो अशी कुठलीही वस्तू करणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. लाकडातला ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरायला लागला की लाकूड आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र चांगलंच. फर्निचरचं लाकूड दहा-बारा टक्क्यांवर आलेलं हवं. मी ओलावा मोजायचं मीटर शेजारच्या शेडमधून आणलं आणि उरलेल्या तुळया कापून आतून मोजल्या तर आकडा आला २८. पावसाळ्यात जोडलेला तो पाट ऑक्टोबरच्या उन्हात वाळायला लागला आणि जिथे भोक पाडून लाकूड आधीच कमजोर केलं होतं तिथून फाटला. निलगिरी तर वाळताना पिळवटण्यासाठी आणि तडकण्यासाठीच ओळखली जाते. आणि एक साधी गोष्ट तेव्हा मला सुचली नाही. पंच्याऐंशी वर्षं घराच्या छपराखाली राहिलेली तुळई आतून ओली असूच शकत नाही. मीटर दोन-अडीच हजारांना मिळतं. आत टोचून बघितलं असतं तर गोदामातच सगळं उघडं पडलं असतं.

त्या रात्री मी माझेच व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. खिळ्यांची भोकं गोल होती. जुने घडीव खिळे चौकोनी असायचे, त्यांची भोकं चौकोनी राहतात, आणि लोखंडाचा काळा डाग रेषांबरोबर खोलवर उतरलेला असतो. इथे ड्रिलनं पाडलेली गोल भोकं होती, तोंडाशी काळी, आत कोरी. खाचांमध्ये पटाशीच्या कडा धारदार, ताज्या. वर ठेवलेल्या त्या एका अस्सल तुळईवर मात्र भोकं चौकोनी. सगळं माझ्याच चित्रीकरणात होतं. माप घेतलं तर ४२ घनफूट म्हणून दिलेला माल ३७ भरला, तेही त्या वेळी पहिल्यांदाच मोजलं.

पुढचं थोडक्यात. फोन बंद. गोदामात दुसराच भाडेकरू. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन चार महिने झाले होते. ही मदतवाहिनी पैसे नुकतेच गेले असतील तर उपयोगी पडते, तेव्हा संशय आला की त्याच तासाला फोन करा. पोलिसांत अर्ज दिला, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही असतो. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी माल घेणारा कारागीर २०१९ च्या कायद्यात ग्राहक धरला जातो. पण वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा.

आणि आता जे सांगतोय ते लिहायला सगळ्यात जड जातंय. नोव्हेंबरमध्ये आणंदहून एका तरुण सुताराचा फोन आला. त्यानं त्याच माणसाला ३०,००० आगाऊ दिले होते. का दिले? "त्यानं तुमचा व्हिडिओ पाठवला, दादा. म्हणाला, यांना विचारा, यांनी माझ्याकडूनच घेतलंय. व्हिडिओत तुम्ही रंधा मारताय, वास घेताय, म्हणताय की असा साग बघायला मिळत नाही." ते शब्द माझेच होते. त्याचा धंदा माझ्या चेहऱ्यावर चालला होता. मी त्याच दिवशी तिन्ही व्हिडिओ काढले आणि नवा टाकला, त्यात चीर पडलेला पाट, रंगलेलं फडकं, गोल भोकं, सगळं दाखवलं. त्या मुलाचे पैसे मी अजून फेडू शकलेलो नाही. त्याला मी माझ्याकडचं काम देतोय.

व्हिडिओ करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना कळकळीनं सांगतो, आपल्याला काय भुरळ घालतं ते आपण रोज जगाला दाखवत असतो. त्या भुरळीला नेमका बेतलेला माल दारात आला, आणि आणणारा आपलीच वाक्यं बोलत असेल, तर कॅमेरा बंद करा आणि करवत काढा. प्रत्येक तुळईचा, एकदोन नाही, प्रत्येक तुळईचा माथा ताजा कापून बघा. ओलं फडकं मारा. बारा बाय सहा बाय दोन इंचांचा ठोकळा कापून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. वाळका साग दीड किलोच्या आसपास भरतो, माझा ठोकळा भरला दोन किलो तीनशे. माल रात्री उतरवून घेऊ नका. विकणारा कापू देत नसेल तर तिथून निघा. खरा जुना माल असलेला माणूस कापायला कधीच नको म्हणत नाही, उलट कौतुकानं करवत पुढे करतो.

आजींचे पैसे परत करायला गेलो तेव्हा त्यांनी घेतले नाहीत, झोपाळाच हवा म्हणाल्या. वर ठेवलेली ती एक अस्सल तुळई उरली होती. ती चिरून, महिनाभर सावलीत ठेवून, मीटरवर अकरा आल्यावर नवा पाट केला. टांगल्यावर आधी सिमेंटच्या दोन गोण्या ठेवून रात्रभर राहू दिला, मग स्वतः बसलो, मग आजी.

निलगिरीचा ढीग अजून शेडमध्ये आहे. त्यातले ठोकळे कापून ठेवलेत, आणि प्रत्येकाबरोबर त्याच मापाचा सागाचा एक. बडोद्यातल्या कुणालाही लाकूड घ्यायला जायचं असेल तर आधी येऊन ही जोडी घेऊन जा. दोन्ही हातांत धरून बघा, माथे बघा, मग वखारीत जा. पैसे नकोत, काम झालं की ठोकळे परत आणून द्या, पुढच्याला लागतील.