धुळीच्या ॲलर्जीवर जिभेखालचे थेंब: तिसऱ्या वर्षातलं माझं मत

आपल्याला धुळीतल्या माइट्स नावाच्या बारीक जीवांचीच ॲलर्जी आहे हे ज्यांचं नीट तपासून ठरलंय आणि रोज गोळी घेऊनही ज्यांची सकाळ शिंकांत जाते, त्यांनी इम्युनोथेरपी (ज्याची ॲलर्जी तेच इंजेक्शनाने किंवा जिभेखालच्या थेंबांनी थोडंथोडं देण्याचा उपचार) जरूर करावी. माझं तिसरं वर्ष चालू आहे आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

मी रत्नागिरीत गाणं शिकवते. सकाळचा रियाज म्हणजे माझं भांडवल, आणि नेमकं तेव्हाच नाक चोंदलेलं, टाळूला खाज. खर्ज लावायला बसलं की पहिला सा लागायच्या आधी शिंक यायची. पावसाळ्यात तर दुपारपर्यंत हेच. घर मी कितीही झाडलं तरी फरक पडेना, कारण माइट केरात कमी आणि गादी-उशीत जास्त असतात. जेमतेम पाव-एक मिलिमीटरचा हा जीव आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून घेतो. आपल्याला त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. जूनपासून कोकणात गादीला ऊन दाखवायची सोय नाही. म्हणजे त्याला हवं ते सगळं आपण आयतं पुरवतो.

उपचाराइतकीच महत्त्वाची आहे तपासणी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. आधी एका लॅबने रक्त तपासून भलीमोठी यादी हातात दिली होती. त्यात नारळ, कोळंबी, तूरडाळ, सगळंच वर्ज्य! कोकणातल्या बाईने मग जेवायचं काय? पुढे कोल्हापूरच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी ती यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कोळंबी खाल्ल्यावर काही होतं का?" काहीच होत नव्हतं. "मग खा की." रक्तात अँटिबॉडी दिसली म्हणजे ॲलर्जी आहेच असं होत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी समजावून सांगितलं.

त्यांनी त्वचेची चाचणी केली. आधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवायला लावली, तो काळ फार वाईट गेला. मग हातावर पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्याशेजारी ॲलर्जी आणणाऱ्या एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब टाकला आणि त्या थेंबातून सुईचं टोक हलकेच टेकवलं. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाचा असतो, तो सगळ्यांनाच उठतो. चाचणी चालतेय हे त्यावरून कळतं. पंधरा-वीस मिनिटांत माइटचे अर्क टाकलेल्या दोन्ही जागी डास चावल्यासारख्या टपोऱ्या गांधी आल्या. मांजर, परागकण, बुरशी, सगळं सपाट. सोबत श्वासाची चाचणीही झाली, कारण दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार सुरू करत नाहीत.

इंजेक्शन की थेंब, हा प्रश्न माझ्यापुरता कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटानेच सोडवला. इंजेक्शनं सुरुवातीला बहुधा दर आठवड्याला असतात, पुढे महिन्यावर येतात, आणि दरवेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात थांबावं लागतं, कारण क्वचित जोराची रिॲक्शन येऊ शकते. क्लास सांभाळून ते मला जमणारं नव्हतं. पद्धत मात्र जुनी आणि पारखलेली आहे: लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क टोचून हे करून पाहिलं होतं. ज्याचा त्रास होतो तेच थोडंथोडं देऊन शरीराला त्याची सवय लावायची.

थेंब रोज सकाळी जिभेखाली धरायचे, एक-दोन मिनिटांनी गिळायचे. बाटल्या चढत्या ताकदीच्या असतात. सुरुवातीला जिभेखाली चांगलीच खाज यायची आणि ओठ किंचित जड वाटायचा. पुढे ते आपोआप थांबलं. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि आमच्याकडे पावसात वीज जाते, ही खरी कटकट. मी ती स्टीलच्या डब्यात घालून आतल्या बाजूला ठेवते आणि वीज नसेल तेव्हा फ्रिज उघडू देत नाही.

गुण लगेच येत नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "तीन वर्षं चिकाटी धरणार असाल तरच सुरू करू." पहिले काही महिने नाकातला स्प्रेही चालू होता. फरक जाणवला तो पुढच्या पावसाळ्यात: गोळी रोजची राहिली नाही, कधीमधी लागू लागली, आणि भर श्रावणात सकाळी बसून मंद्र सप्तकात उतरता आलं. त्या दिवशी मला रडू आलं. उशी-गादीला माइटरोधक खोळ आणि दर आठवड्याला चादरी कडकडीत गरम पाण्यात, हे अजूनही चालूच आहे; थेंब चालू आहेत म्हणून ते सोडता येत नाही.

खर्च जड आहे. माझ्या विमा पॉलिसीत हा बसला नाही, सगळे पैसे खिशातून गेले. मधेच सोडलं तर ते पैसे वाया जातात, म्हणून वर्षाचा हिशेब आधीच विचारून घ्या. बाटलीत नेमके कशाचे अर्क आहेत तेही विचारा. माझ्या बाटलीत फक्त माइट आहेत. यादीत आलेल्या दहा-पंधरा गोष्टी एकाच बाटलीत घालून देणारे असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर ते आधी सांगा. गरोदरपणात हा उपचार नव्याने सुरू करत नाहीत. तोंड आलं असेल किंवा दात काढला असेल तर थेंब थांबवून फोन करा. आणि पहिला डोस घरी घेऊ नका, तो दवाखान्यात डॉक्टरांसमोरच घ्या.