अटाकामा की पॅटागोनिया?

चिलीचा नकाशा समोर घेतला की वाटतं, एकच तर देश आहे, दोन्ही टोकं बघून टाकू. पण हा देश उत्तर-दक्षिण सुमारे ४,३०० किलोमीटर लांब आहे. उत्तरेच्या अटाकामा वाळवंटातून दक्षिणेच्या पॅटागोनियातल्या हिमनद्यांकडे जायचं तर सान्तियागोत विमान बदलावं लागतं, वर बसचा प्रवास. अख्खा दिवस त्यातच जातो. हाताशी सात-आठच दिवस असतील तर एकच निवडा. मला स्वतःला पॅटागोनिया जास्त आवडलं, तरी कमी रजेवाल्याला मी अटाकामालाच पाठवेन.

कारण अटाकामा सहसा दगा देत नाही. किनाऱ्यालगतच्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे पावसाचे ढग धरत नाहीत आणि पूर्वेचं बाष्प अँडीज अडवतो. ध्रुवीय प्रदेश सोडले तर जगातलं सर्वांत कोरडं वाळवंट हेच. त्यामुळे ठरवलेली सहल बहुधा ठरल्या दिवशीच होते. सान पेद्रो गावात मुक्काम करायचा आणि रोज वेगळी दिशा धरायची. चंद्राची दरी, मिठाच्या मैदानातले फ्लेमिंगो हे सगळं बघाच. पण मनात राहिलं ते एल तातियो. हे गरम पाण्याच्या कारंज्यांचं पठार ४,३०० मीटरवर आहे, तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. वाफ थंडीतच उठून दिसते, म्हणून अंधारात निघावं लागतं. माझ्या बाटलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि चार पावलांवर जमीन रटरटत होती.

मात्र हे पठार शेवटच्या दिवसांसाठी ठेवा. सान पेद्रो २,४०० मीटरवर आहे, तिथे दोन-तीन दिवस काढून मग वर जा. मी घाईने दुसऱ्याच पहाटे गेले आणि परतताना डोकं धरून बसले. आणि तारे बघायचे असतील तर पौर्णिमेच्या आसपासची तिकिटं काढू नका. ही चूक पुष्कळ जण करतात.

पॅटागोनियात उंचीचा त्रास नाही, वाऱ्याचा आहे. तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानातले ग्रॅनाइटचे तीन सुळके पायथ्याच्या तळ्यावरून बघायचे तर जाऊन-येऊन वीसेक किलोमीटरची चाल, शेवटचा तास नुसते धोंडे. पहिल्या खेपेला मी वर पोहोचले तेव्हा समोर हिरवट तळं आणि त्यावर ढगांचा पडदा, सुळक्यांचा पत्ताच नाही. एक दिवस गुडघ्यांना विश्रांती दिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा चढले आणि तेव्हा ते दिसले. गाठीला राखीव दिवस होते म्हणून जमलं. ते नसतील तर इतक्या लांब जाऊन ढग बघून परत यायची तयारी ठेवा.

आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर मात्र मी उलट सल्ला देईन. त्यांना ४,३०० मीटरवर नेण्यापेक्षा सरहद्द ओलांडून पॅटागोनियाच्या अर्जेंटिनातल्या भागात, एल कालाफाते गावाजवळच्या पेरितो मोरेनो हिमनदीपाशी न्या. तिथे समोरच चालायचे पूल बांधलेत, कुठे धापा टाकत चढायचं नाही. रेलिंगला टेकून उभं राहायचं. बर्फाच्या भिंतीचा तुकडा आधी निसटताना दिसतो, गडगडाट मागाहून येतो.

हंगामाचा हिशेबही वेगळा. पॅटागोनियाला नोव्हेंबर ते मार्च जावं. त्यातही डिसेंबर-जानेवारीत गर्दी आणि वारा दोन्ही जोरात. मार्च संपता संपता लेंगा नावाची झाडं लाल व्हायला लागतात, माझी पसंती त्या दिवसांना. अटाकामा बारमाही, फक्त जानेवारी-फेब्रुवारीत वरच्या पठारांवर पाऊस येऊन काही रस्ते बंद पडू शकतात. सान पेद्रोत सहली गावात पोहोचल्यावरही ठरवता येतात. तोरेस देल पाइनेत मुक्कामी ट्रेक करणार असाल तर तंबूच्या जागा काही महिने आधी धरा, कारण वाटेत मनाला येईल तिथे तंबू ठोकायला परवानगी नाही.