टेबलावर ठेवलेल्या पट्ट्यालाही ७८ ठोके होते

छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा ३,८९९ रुपये, कुरिअरचे १४९ वेगळे. नंतर रिफंडच्या नावाखाली ९,९९९ दोनदा. एकूण २४,०४६ रुपये गेले. पहिले पंधरा दिवस घरीसुद्धा बोललो नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. आता लिहितोय, कारण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर रोज पळणाऱ्या आमच्यातल्याच दोघांनी तीच जाहिरात मला पाठवून "घेऊ का?" असं विचारलंय. घेऊ नका!

मी ४६ वर्षांचा. जानेवारीत २१ किलोमीटर पळायचं ठरवलं होतं. २२० वजा वय हे ढोबळ सूत्र धरलं तर माझे कमाल ठोके मिनिटाला १७४, म्हणजे सावकाश लांब पळताना त्याच्या ६० ते ७० टक्के, १०४ ते १२२ मध्ये राहायचं. आपल्याकडच्या दमट हवेत वेग तोच ठेवला तरी ठोके चढत जातात, त्यामुळे नुसता वेग बघून चालत नाही. मनगटावरचं घड्याळ घामात, हिसक्यांत चुकतं, कधी पावलांची लयच ठोके म्हणून दाखवतं. म्हणून पट्टा हवा होता, मिरवायला नव्हे. इथल्या दुकानांत विचारलं तर बीपीचं मशीन पुढे करतात. जाहिरातीत नावाजलेल्या कंपनीचा शिक्का, किंमत निम्म्याहून कमी आणि वर कॅश ऑन डिलिव्हरी. माल हातात आल्यावर पैसे द्यायचे, तर फसणार कसं, असंच कुणालाही वाटलं असतं. (खोकं कुरिअरवाल्यासमोर उघडा, व्हिडिओ काढत उघडा. माझा घाईत होता, मी पैसे देऊन मोकळा झालो.)

त्या संध्याकाळचं मात्र मी स्वतःला माफ करू शकत नाही. पट्टा जेवणाच्या टेबलावर पसरलेला, मी फोनला जोडत होतो. ऍपमध्ये आकडा आला, ७८. पट्टा टेबलावर आणि ठोके ७८! घड्याळाचा हिरवा प्रकाश एखादेवेळी गुंडाळलेल्या टॉवेलवरही आकडा दाखवतो, ते मला माहीत होतं. पण पट्टा हृदयाचे विद्युत संकेत कातडीवरून घेतो, त्यासाठी आतली बाजू पाण्याने ओली करून घट्ट बांधावी लागते. कातडीच नाही तर संकेत येणार कुठून? हे सगळं ठाऊक असून मी म्हटलं, आधी टेस्टिंगचा आकडा दाखवत असेल. बायकोने विचारलं, "हे कुणाचे ठोके?" मी तिच्यावरच चिडलो.

सहा आठवडे त्या आकड्यांवर पळलो. दम लागून बोलता येत नव्हतं, पट्टा म्हणे ११९. मी आणखी रेटायचो. एका रविवारी पुलाजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वाळूत बसलो. धाकटी बहीण नर्स आहे, ती त्या दिवशी सोबत होती. "दादा, मनगट दे इकडे." १५ सेकंदांत ४१ ठोके मोजले तिने. म्हणजे १६४. ऍपमध्ये १२१. हे मनगट धरून मोजणं पहिल्याच दिवशी करा, फुकट आहे.

घरी येऊन पट्ट्यावरची सेन्सरची डबी स्क्रू ड्रायव्हरने उघडली. पट्ट्याला जोडायची दोन टिचबटणं आतून नुसती गोंदाने चिकटवलेली, तार एकालाही नाही. हलवलं की आकडा वाढायचा, ठेवलं की ७८ च्या आसपास.

बिलावरच्या नंबरवर फोन केला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. "रिफंड मंजूर झालाय सर", त्याने क्यूआर पाठवला, मी पिन टाकला. पहिल्यांदा "फेल दाखवतंय, पुन्हा करा" म्हणाला आणि मी पुन्हा केलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माझेच ४,०४८ परत मागत होतो, डोकं तापलेलं होतं, समोरचा शुद्ध मराठीत बोलत होता.

असं झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. पहिल्या तासात पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी आधी पोलीस ठाण्यात धावलो आणि तिथेच दुपार गेली. "ऑनलाइन करा." ऑनलाइन केलं, तर "बँकेत जा." बँक म्हणते एफआयआर आणा. ठाणं म्हणतं बँकेचं पत्र आणा. एकाने विचारलं, पळायला पट्टा कशाला लागतो? मी काय गुन्हेगार आहे? समोरचा नंबर दुसऱ्या राज्यातला, "आमच्या हद्दीत येत नाही." अहो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते! हे मी सांगितलं, तर साहेब जेवायला गेलेत म्हणाले. बाकड्यावर मी दोन तास बसलो. माझ्या शेजारी एक मासे विकणारी मावशी, तिचे सहा हजार गेलेले, तिला तर अर्जही कुणी लिहून देईना. मी लिहून दिला.

स्क्रीनशॉट, बिल, यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा क्रमांक) सगळं छापून ठेवा, फोनमध्ये दाखवलेलं कुणी बघत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोचचा शिक्का मागून घ्या. मालाबद्दलची तक्रार वेगळी, ती ग्राहक हेल्पलाइनला, १९१५.

माझ्या तक्रारीला आज ३७ दिवस झाले. पट्टा पुरावा म्हणून जमा करून घ्यायलाही कुणी तयार नाही. सोमवारी बहिणीला घेऊन पुन्हा जाणार आहे.