विंडसर्फिंगचं हेल्मेट आणि ५० न्यूटनचं जॅकेट: दोना पावलात वापरून

दोन्ही घ्या, पण बजेट एकाचंच असेल आणि क्लासमध्ये जॅकेट मिळत असेल, तर आधी हेल्मेट. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सवड मिळेल तेव्हा गोव्यात दोना पावलाला विंडसर्फिंग करते, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभी राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाते. ‘पाण्यातच तर पडायचंय, लागणार काय?’ असं नवशिके हमखास विचारतात. लागतो मास्ट, म्हणजे शिडाचा खांब, आणि लागते बूम, म्हणजे शीड धरायची आडवी दांडी. शीड हातातून सुटलं की मास्ट खाली येतो, आणि तोवर आपण नेमके त्याच्याखाली पडलेलो असतो.

हार्नेस, म्हणजे कमरेला बांधायचा आकड्याचा पट्टा, लावायला लागलं की वेगळीच भीती. आकडा बूमच्या दोरीत अडकलेला असतो, वाऱ्याचा जोरदार झोत येतो आणि शीड माणसाला उचलून बोर्डाच्या पुढच्या टोकावरून फेकतं. तेव्हा बूम सोडायची नाही. हात सुटले की डोकं थेट मास्टवर जातं.

हेल्मेटवर ईएन १३८५ हा शिक्का बघा. कायाकिंग आणि खळाळत्या पाण्यातल्या खेळांसाठीचं ते युरोपीय मानक आहे. घरातलं सायकलचं हेल्मेट नको. त्यातला थर्माकोलसारखा थर एका जोरदार आघातासाठीच बनवलेला असतो. माझ्या हेल्मेटला कानावर मऊ पट्ट्या आहेत, आणि त्यासाठी मी आनंदाने जास्त पैसे मोजले. वेगात कानावर आपटलं तर पाण्याच्या थपडीने पडदा फाटू शकतो. तक्रारी दोन: मे महिन्यात डोकं भयंकर तापतं, आणि माप घट्ट करायची मागची चाकी खाऱ्या पाण्याने अडकते. दर वेळी गोड्या पाण्यात धुवावंच लागतं.

जॅकेट ५० न्यूटनचंच का? (न्यूटन म्हणजे इथे तरंगवण्याच्या जोराचं माप.) शीड अंगावर पडलं तर खालून सरकत बाहेर यायचं असतं. फार तरंगणारं, फुगीर जॅकेट तुम्हाला शिडाला चिकटवून ठेवतं. लांबीला आखूड घ्या, नाहीतर कमरेच्या हार्नेसवर चढतं. पण हे जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर वळवून ठेवेलच असं नाही, त्यामुळे एकट्याने जाणं नको. पहाटे-सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा किनाऱ्यापासून दूर समुद्रात नेतो, तेव्हा तर मुळीच नको. परतता आलं नाही तरी बोर्ड सोडून पोहत निघू नका. बोर्ड तरंगतो आणि लांबून दिसतो.

दुकानात जॅकेटचे सगळे पट्टे लावा आणि कुणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर लहान माप घ्या.

पायांना मात्र यातलं काहीच वाचवत नाही. बोर्डावरच्या पट्ट्यात पाऊल अडकून अंग पुढे फेकलं गेलं की पावलाच्या मधले सांधे सरकू शकतात. पट्ट्यातून बोटं बाहेर दिसतील इतकंच पाऊल आत घाला. घोट्यापर्यंत शिरलं तर पडताना सुटत नाही. आणि पडल्यावर तळपायाला मध्यभागी काळं-निळं दिसलं, तर मुरगळलं म्हणून तेल चोळत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पायावर वजन देऊन एक्स-रे काढता येईल का, ते विचारा. आडवं झोपून काढलेल्या एक्स-रेत ही दुखापत निसटू शकते.