‘अ हायजॅकिंग’ बघितला, डोक्यातून जातच नाहीये

टोबियस लिंडहोल्मचा २०१२ चा डॅनिश पिक्चर आहे. एमव्ही रोझेन नावाचं मालवाहू जहाज आपल्या मुंबईकडे येत असतं आणि हिंदी महासागरात सोमाली चाचे ते ताब्यात घेतात. गंमत म्हणजे हायजॅक होताना दाखवलेलंच नाही! डायरेक्ट कंपनीच्या सीईओला बातमी कळते आणि तिथून जी घासाघीस सुरू होते ना, बापरे. ते मागतात दीड कोटी डॉलर, हे म्हणतात अडीच लाख, कारण पटकन हो म्हटलं तर समोरचा अजून ताणणार, आणि इकडे जहाजावर दिवसांचे आठवडे, आठवड्यांचे महिने होत जातात.

मिकेल म्हणजे जहाजावरचा कुक, त्याला मध्येच बायकोशी फोनवर बोलायला देतात तो सीन मला बघवला नाही. फोनवर आवाज उशिरा पोचतो, मधली ती शांतता... पोटात गोळा येतो अक्षरशः. माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, त्याचा फोन आला नाही की मामीचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय.

मिकेल झालेल्या पिलू आस्बेकने कमाल केलीये, दाढी वाढत जाते तसा माणूस आतून संपत जाताना दिसतो. सीईओ झालेला सोरेन मालिंगही जबरदस्त. कंपनीला सल्ला देणारा निगोशिएटर तर खऱ्या आयुष्यात हेच काम केलेला माणूस आहे. मारामारी बघायची असेल तर हा तुमचा पिक्चर नाही, पण रात्री एकट्याने, फोन बाजूला ठेवून नक्की बघा.