छताच्या आत बसवलेले एलईडी पॅनेल दिवे : दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

नागपुरातल्या आमच्या हॉलमधल्या आठ पॅनेल दिव्यांपैकी एक दिवा यंदा मेअखेरच्या नवतपात लुकलुकू लागला आणि थोड्याच दिवसांत पूर्ण बंद पडला. दिवे बंद पडतातच, तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. परंतु दिवा हमीच्या मुदतीत होता, कंपनी तो बदलून द्यायला तयार झाली, तंत्रज्ञ नवा दिवा घेऊन घरी आला आणि तो नवा दिवा आमच्या छताच्या भोकात बसेना. फॉल्स सीलिंग करून घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधी ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

जुना दिवा १२ वॅटचा, गोल, बाहेरून १७० मि.मी. व्यासाचा असून त्याच्यासाठी जिप्समच्या छताला १५५ मि.मी.चे भोक पाडलेले आहे. ते मॉडेल आता बंद झाले आहे. त्याऐवजी आलेला दिवाही १२ वॅटचाच आणि दिसायला अधिक नाजूक. मात्र त्याचा बाहेरचा व्यास १६० मि.मी. आणि त्याला लागणारे भोक १४० मि.मी.चे. १५५च्या भोकावर १६०ची चकती टेकवली, तर कडेला सगळीकडून जेमतेम अडीच मि.मी. आधार उरतो. जिप्सम कापताना कड थोडीफार तुटतेच, त्यामुळे तेवढाही आधार सगळीकडे मिळत नाही. शिवाय स्प्रिंगच्या क्लिपा १४०च्या भोकासाठी बेतलेल्या असल्यामुळे त्या छताच्या पाठीला नीट पकडत नाहीत आणि दिवा एका अंगाला लोंबतो. "सर, वॅटेज आणि कलर सेम आहे, कटिंग साइज वॉरंटीत येत नाही," असे तंत्रज्ञाने नम्रपणे सांगितले, नवा दिवा परत नेला आणि तक्रार 'ग्राहकाने बदली नाकारली' अशा शेऱ्यासह बंद करण्यात आली. हा शेरा मला आजही मान्य नाही. छतात बसवण्यासाठी विकलेली वस्तू छतात बसत नसेल, तर ती बदली कशी म्हणता येईल?

मग मी इतवारीत आणि सीताबर्डीवर टेप घेऊन फिरलो. सहा वॅटला १०५, बारा वॅटला १५५ आणि अठरा वॅटला २०५ मि.मी. ही मापे अनेक कंपन्यांच्या जुन्या पॅनेलांत आढळतात, पण नव्या बारीक कडेच्या मॉडेलांत प्रत्येकाचे माप वेगळे आहे. दुकानदार सगळ्यांनाच 'सहा इंची' म्हणतो. सहा इंच म्हणजे साधारण १५२ मि.मी. होतात, ते भोकाचे माप की चकतीचे, हे डब्यावरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय कळत नाही. क्लिपा मागेपुढे सरकवून निरनिराळ्या भोकांत बसवता येतात असेही पॅनेल बाजारात आहेत आणि अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडतील. पण मी हातात घेतलेल्या नमुन्यांत त्या क्लिपा प्लॅस्टिकच्या व सैल होत्या. दुसरा उपाय म्हणजे भोक पीओपीने बुजवून पुन्हा कापणे. चारशे रुपयांच्या दिव्यासाठी तेवढे केले, तरी ठिगळाचा रंग जुन्या रंगाशी जुळत नाही आणि अखेर सगळ्या छताला रंगाचा हात द्यावा लागतो.

या सगळ्यामुळे माझे या प्रकारच्या दिव्यांविषयीचे मत अगदी वाईट झाले होते. ते बदलले आमच्या नेहमीच्या वायरमनमुळे. त्याने बंद पडलेली चकती शेजारच्या चालू दिव्याच्या ड्रायव्हरला जोडली आणि ती लख्ख उजळली. "काकाजी, लाइट चांगला आहे, ड्रायव्हर गेला आहे," तो म्हणाला. ड्रायव्हर म्हणजे वायरच्या टोकाला असलेली ती छोटी पांढरी डबी, जी घरातल्या २३० व्होल्टच्या प्रवाहातून एलईडीला हवा तेवढा स्थिर प्रवाह काढून देते. डबी उघडली तेव्हा आतल्या कपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्याचे, डोके फुगलेले स्पष्ट दिसत होते. त्याच प्रवाहाचा नवा ड्रायव्हर शंभर-सव्वाशे रुपयांत मिळाला, आणि ज्या दिव्यासाठी मी छत फोडण्याचा विचार करत होतो तोच दिवा त्याच भोकात पुन्हा लागला. इतक्या कटकटीनंतर झालेला तो आनंद मोठा होता.

कपॅसिटर फुगण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण नागपुरात ते प्रत्येक वरच्या मजल्यावर घडू शकते. ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, असा नियम मानला जातो. आमचे घर गच्चीखालचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि नेमके तेव्हाच दिवे चालू असतात. स्लॅब आणि जिप्सम यांच्यामधल्या बंद पोकळीतली हवा हलत नाही. कूलरचा गारवा खालीच राहतो. त्यात आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवरच टेकवून ठेवलेला होता, म्हणजे स्लॅबच्या उष्णतेत दिव्याची उष्णताही मिसळत होती. आता सगळे ड्रायव्हर वायरची लांबी पुरेल तितके बाजूला सरकवून ठेवले आहेत. हे काम दिवे बसवतानाच करून घ्यावे, त्याला वेगळा खर्च नाही.

म्हणून ड्रायव्हर वेगळा असलेलाच पॅनेल घ्यावा, असे आता माझे ठाम मत झाले आहे. स्वस्तातल्या कित्येक दिव्यांत तो एलईडीच्या पट्टीवरच बसवलेला असतो. तसा दिवा बिघडला की सगळाच फेकावा लागतो आणि मग भोकाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ड्रायव्हर बदलताना लेबलवरील मिलिअँपिअरचा आकडा आणि व्होल्टची मर्यादा दोन्ही जुळली पाहिजेत. आमचा ३०० मिलिअँपिअरचा आहे. त्याजागी ४५०चा लावला तर प्रकाश वाढलेला दिसेल, पण एलईडी लवकर जळतील. काम करताना नुसते बटण बंद करून भागत नाही, एमसीबी खाली पाडावा, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असते आणि दिव्यापर्यंत फेज जिवंत राहतो.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. हॉलमध्ये ४००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळा आणि पांढरा यांच्या मधला, प्रकाश आम्हाला सर्वांत सोयीचा वाटला. ६५०० केल्व्हिनचा पांढरा प्रकाश स्वयंपाकघरात चालतो, पण रात्री बसायच्या खोलीत तो डोळ्यांना कठोर लागतो. बटण दाबून रंग बदलणारे तीन रंगांचे दिवे मी टाळले, कारण नातेवाइकांकडे वीज जाऊन आल्यावर त्यांतले दोन पिवळे आणि बाकीचे पांढरे लागलेले पाहिले होते. स्वयंपाकघरात आधीच्या मालकांनी बसवलेला कडेने एलईडी असलेला पातळ पॅनेल पिवळट पडला आहे. त्यातील प्रकाश पसरवणारी पाटी ॲक्रिलिकची नसून पॉलिस्टायरीनची असेल तर असे होते. पावसाळ्यात किडे आत शिरण्याची तक्रार बरेच जण करतात, आमच्याकडे ती फारशी नाही.

विजेच्या बचतीचा मुद्दा मात्र नीट मोजावा. आठ दिवे गुणिले बारा म्हणजे ९६ वॅट. तांब्याच्या चोकच्या दोन जुन्या ट्यूबलाइट जवळजवळ तेवढीच वीज घेत, आणि २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब लावल्या असत्या तर ४० वॅटमध्ये भागले असते. आमचा हॉल १२ बाय १६ फूट, म्हणजे सुमारे १८ चौरस मीटर आहे. एका दिव्यातून ११०० ल्युमेन धरले तर आठांतून ८८०० निघतात. त्यातले निम्मेच खाली पोचले, तरी दर चौरस मीटरला अडीचशेच्या घरात प्रकाश पडतो. गप्पा मारायला आणि टीव्ही पाहायला तो गरजेपेक्षा जास्त आहे. छतावरची रचना सारखी दिसावी म्हणून दिव्यांची संख्या ठरते, उजेडासाठी नव्हे. आम्ही दिव्यांची जोडणी चार-चार अशी दोन बटणांवर करून घेतली होती आणि रोज चारच दिवे लावतो.

भोकाविषयी मात्र मला अजून सांगायचे आहे. आपल्याकडच्या बल्बची दोन पिनांची बी-२२ टोपी ठरलेली आहे, त्यामुळे २०१५ मध्ये उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघरी आले तेव्हा कुणालाही होल्डर बदलावा लागला नाही. छतात बसवायच्या दिव्यांना मात्र मापाचे असे बंधन नाही. आय.एस. १०३२२ हे दिव्यांसाठीचे मानक आणि डब्यावरचा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणीचा आर-क्रमांक विजेच्या सुरक्षिततेसाठी महत्त्वाचे आहेत आणि ते पाहूनच दिवा घ्यावा, पण भोक किती मि.मी.चे असावे हे त्यांतून ठरत नाही. दोन-तीन मापे ठरवून दिली, तर ग्राहकाचे छत एका कंपनीच्या एका मॉडेलला बांधले जाणार नाही. तोपर्यंत खरेदी करतानाच त्याच मॉडेलचे दोन दिवे आणि दोन ड्रायव्हर जादा घेऊन ठेवावेत. आमचे भोकाचे माप आणि ड्रायव्हरचे आकडे आता मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत.

बेडरूमचे छत गेल्या महिन्यात झाले. तिथे पॅनेल न घेता बल्ब बदलता येणाऱ्या खोलगट चौकटी बसवल्या आहेत. त्यांत एमआर-१६ मापाचा, म्हणजे सुमारे ५० मि.मी. व्यासाचा दिवा लागतो आणि हे माप कंपनीगणिक बदलत नाही. दिवा खोल बसत असल्यामुळे पलंगावर आडवे झाल्यावर तो डोळ्यांत खुपत नाही. प्रकाश कमी आणि एका जागी एकवटलेला पडतो, त्यामुळे वाचण्यासाठी पलंगाजवळ वेगळा दिवा ठेवावा लागला आहे, आणि चौकट व बल्ब मिळून खर्चही पॅनेलपेक्षा जास्त आला. तो मी मान्य केला आहे.